हरण की स्वयंवर?

एका लग्नाला मराठी कवींनी जे नाव दिले आहे ते वस्तुस्थितीला धरून नाही, आणि सातशे वर्षांत ते बदलावे असे फारसे कोणाला वाटलेले नाही. महानुभाव कवी नरेंद्राने इ.स. १२९२ च्या सुमारास रचलेल्या काव्याचे नाव 'रुक्मिणीस्वयंवर'. एकनाथांनी शके १४९३ मध्ये, म्हणजे इ.स. १५७१ साली, काशीत पूर्ण केलेल्या ग्रंथाचे नावही 'रुक्मिणीस्वयंवर'. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीकरिता हीच कथा रंगभूमीवर आणली आणि नाटकाला 'स्वयंवर' हेच नाव दिले. स्वयंवर म्हटले की डोळ्यांसमोर मंडप उभा राहतो, आसनांवर बसलेले राजे दिसतात आणि हाती वरमाला घेऊन त्यांच्यामधून जाणारी राजकन्या दिसते. भागवतातील रुक्मिणीच्या कथेत यांपैकी काहीच नाही. भाऊ रुक्मी याने शिशुपालाशी लग्न ठरविले होते, वऱ्हाड येऊन उतरले होते, आणि वधू देवीच्या दर्शनाला निघाली असता श्रीकृष्णाने तिला रथात घेऊन नेले. याला साध्या भाषेत हरण म्हणतात, आणि सामराज कवीने आपल्या काव्याला 'रुक्मिणीहरण' असे सरळ नाव दिलेही आहे. दस्तऐवजाच्या मथळ्यावर जाऊ नये, आतला मजकूर पाहावा, असा आम्हां वकिलांचा न्याय आहे. त्या न्यायाने सामराज बरोबर आणि नाथ चूक ठरतात. तथापि आमचे मत उलट आहे, आणि ते आम्ही मजकूर पाहूनच बनविले आहे.

हा जुना विषय आज काढण्याचे निमित्त मात्र अगदी नवे आहे. बऱ्हाणपूर जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत, देडतलाई नावाचे गाव आहे. तेथून धारणीच्या रस्त्याला लागले की अमरावती जिल्हा सुरू होतो. पुढे मेळघाटाचे रान ओलांडले की परतवाडा, मग अमरावती, आणि त्याही पलीकडे वर्धा नदीच्या काठी रुक्मिणीचे माहेर मानले गेलेले कौंडण्यपूर. देडतलाईच्या बाजारात कोरकू, निमाडी, हिंदी आणि मराठी अशा चार बोली एकाच तराजूवर तोलल्या जातात. राज्यांच्या सीमा १९५६ साली नव्याने आखल्या गेल्या, पण सोयरिकींना ती रेघ कधी नीटशी दिसलेली नाही. आमच्या एका मावसबहिणीचे घर तेथे आहे. तिची दहा वर्षांची मुलगी दूरचित्रवाणीला जोडलेला एक जुना व्हिडिओ गेम खेळत होती आणि आम्ही शेजारी बसून पाहत होतो. खेळता खेळता तिने विचारले, "मामा, ती राजकन्या किल्ल्यात दिवसभर करते तरी काय?"

खेळ होता जपानच्या निन्टेंडो कंपनीचा, १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स'. बाउझर नावाचा कासवाच्या जातीचा एक राक्षस राजकन्येला पळवून नेतो. मिशाळ मारिओ विटा फोडीत, खड्डे ओलांडीत, किल्ल्यामागून किल्ला सर करीत जातो. प्रत्येक किल्ल्याच्या शेवटी राजकन्येचा एक सेवक भेटतो आणि आभार मानून सांगतो, की राजकन्या येथे नाही, दुसऱ्या किल्ल्यात आहे. असे सात वेळा होते. आठव्या किल्ल्यात ती सापडते. खेळाबरोबर जी पुस्तिका मिळत असे तिच्यात लिहिले होते, की राक्षसाने त्या राज्यातील प्रजेचे दगड, विटा आणि झुडपे करून टाकली असून ती जादू उलटविण्याचे सामर्थ्य एकट्या राजकन्येच्याच अंगी आहे. (मग मारिओ डोक्याने ज्या विटा फोडतो त्या कोण, हा प्रश्न आम्ही भाचीपुढे काढला नाही.) म्हणजे राज्य वाचवू शकणारी व्यक्ती एकच, ती राजकन्या, आणि संपूर्ण खेळात तिच्याकडे काम काय, तर अखेरच्या दृश्यात उभे राहण्याचे. त्याच्याही आधी, १९८१ साली, याच कंपनीच्या 'डाँकी काँग' या खेळात एक प्रचंड वानर एका स्त्रीला उचलून लोखंडी मचाणावर नेऊन बसविते. तिला तर प्रारंभी धड नावही नव्हते.

दहा वर्षांच्या मुलीला जो प्रश्न पडला तो खेळ रचणाऱ्यांना बरीच वर्षे पडला नाही, कारण खेळ चालतो तो सोडवायला निघालेल्याच्या पाठीमागून. बंदीत असलेली व्यक्ती ही त्यात वाटेच्या शेवटी ठेवलेले बक्षीस असते, आणि बक्षिसाचा दिवस कसा जातो याची चौकशी कोणी करीत नाही.

वाल्मीकींनी ती केली आहे. सुंदरकांडात कथा रामाला समुद्राच्या अलीकडे ठेवून पुढे लंकेत जाते आणि आपल्याला थेट अशोकवनात, सीतेच्या समोर नेऊन बसविते. सीता तेथे काय करते? ती नकार देते. रोज देते. रावण समोर येतो तेव्हा ती मध्ये एक गवताची काडी ठेवते आणि त्या काडीच्या अलीकडून त्याच्याशी बोलते. रावणाने दिलेल्या मुदतीतले दोनच महिने उरलेले आहेत, भोवती राक्षसींचा पहारा आहे, आणि तरीही ती बोलते ते रावणाला त्याचे भवितव्य सांगणारे. पण आम्हांस त्याहूनही विलक्षण वाटतो तो पुढचा प्रसंग. हनुमान म्हणतो, माझ्या पाठीवर बैस, आत्ता तुला रामाकडे नेतो. सुटका अशी दारात येऊन उभी असताना सीता नाही म्हणते. तिची कारणे ती एकामागून एक मांडते: वाटेत मी समुद्रात पडेन, राक्षस पाठलाग करतील तेव्हा तू लढशील की मला सांभाळशील, परपुरुषाला आपण होऊन स्पर्श करणे मला मान्य नाही, आणि रामाने स्वतः येऊन मला नेणे यातच त्याची कीर्ती आहे. यांतील एखादे कारण आजच्या वाचकाला पटेल, एखादे पटणार नाही. पण कारणे तिची आहेत, आणि हनुमानासारखा बलवान रामदूत ती ऐकून घेतो, मान्य करतो आणि खूण म्हणून चूडामणी घेऊन परत जातो. बंदीत असलेल्या स्त्रीने सुटकेचा एक मार्ग नाकारला आणि सोडवायला आलेल्याने तो नकार पाळला, ही गोष्ट प्रवचनांतून जितकी सांगितली जावी तितकी सांगितली जात नाही.

आता रुक्मिणीकडे येऊ. तिची गोष्ट भागवताच्या दशम स्कंधात आहे आणि तिचा प्राण म्हणजे तिने द्वारकेला पाठविलेला संदेश. तो घेऊन जाणाऱ्या ब्राह्मणाला नाथांनी सुदेव म्हटले आहे. संदेश अवघ्या सात श्लोकांचा आहे. तो आम्ही अनेकदा वाचला आहे, आणि दर वेळी आम्हांला त्यातील प्रेमापेक्षा त्यातील व्यवस्था अधिक थक्क करते. ती प्रथम आपला निर्णय कळविते: मी मनाने तुम्हांला वरले आहे. मग अडचण सांगते: शिशुपालाचे वऱ्हाड येत आहे. मग मार्ग सुचविते: सैन्य घेऊन या आणि राक्षसविधीने मला न्या. येथे तिला स्वतःलाच पुढचा आक्षेप दिसतो, की मी अंतःपुरात असणार, माझ्या आप्तांना मारल्यावाचून तुम्ही मला कसे नेणार? त्याचेही उत्तर ती देऊन ठेवते. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या कुळात वधूने गावाबाहेरच्या देवीच्या दर्शनाला जाण्याची रीत आहे. त्या वेळी या. दिवस, स्थळ, संधी आणि कमीत कमी रक्तपात होईल अशी तजवीज, सारे तिचे. श्रीकृष्णाकडे उरले ते वेळेवर येणे.

(ते देवीचे मंदिर कोणते? अमरावतीकर आपल्या अंबादेवीकडे बोट दाखवितात. कौंडण्यपूरकरांना ते मान्य होण्याचे कारण नाही. या दाव्यात आम्ही कोणाचेच वकीलपत्र घेत नाही.)

तिने वापरलेला 'राक्षसविधी' हा शब्द कायद्याचा आहे. मनुस्मृतीत विवाहाचे आठ प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत राक्षस विवाहाची व्याख्या दिली आहे: घरच्यांना मारून, जखमी करून, घर फोडून, आक्रोश करणाऱ्या, रडणाऱ्या मुलीला तिच्या घरातून बळाने नेणे. आता घटक तपासून पाहू. मुलगी रडत नाही. रथाची वाट पाहते आहे. तिला घरातून नेलेले नाही. देवीच्या दारातून नेले आहे. नेण्यासाठी आप्तांना मारावे लागलेले नाही. ते लागू नये म्हणूनच तर तिने जागा बदलली. व्याख्येतील एकेक घटक तिने काढून घेतला आणि वरचे टरफल तेवढे ठेवले, कारण क्षत्रियसमाजात ते टरफल मान्य होते. आम्ही पंचवीस वर्षांहून थोडी कमी वकिली केली आहे. पण एवढा नेटका मसुदा आमच्या हातून झालेला नाही.

म्हणूनच नाथांनी आणि नरेंद्राने 'स्वयंवर' हा शब्द घेतला असे आम्हांस वाटते. मंडप नसेल, वरमाला घेऊन फिरणे नसेल, पण वरले तिने. कृती श्रीकृष्णाची दिसते, कर्तृत्व तिचे आहे. आणि या कथेची एक मौज आपल्या घराघरांत चाललेली आहे. मुलीचे लग्न लांबले की तिला नाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'चे पारायण करायला सांगतात. आईवडिलांनी आणलेले स्थळ जमावे म्हणून मुलगी श्रद्धेने वाचते तो ग्रंथ कोणता, तर घरच्यांनी आणलेले स्थळ नाकारणाऱ्या मुलीचा. ग्रंथ निमूटपणे आपले काम करीत असतो.

या कथेला पहिला मराठी सूर दिला तो एका स्त्रीने. अमरावती जिल्ह्यातच असलेल्या ऋद्धिपूर येथे, गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात, तेराव्या शतकाच्या अखेरीस महदाइसेने 'धवळे' गायिले. ती रुक्मिणी-कृष्णाच्या विवाहाची गीते आहेत. महदाइसा बालविधवा होती. ज्या लग्नसोहळ्यात उभे राहणे तिच्या काळाने तिला नाकारले असते त्याचे गाणे तिने रचले, आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण तिला ओळखतो ते त्या गाण्यामुळे.

सुभद्रेची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहावी. महाभारताच्या आदिपर्वात रैवतकावरील उत्सवात अर्जुन सुभद्रेला पाहतो आणि मोहित होतो. श्रीकृष्ण त्याला सल्ला देतो तो असा: स्वयंवर ही क्षत्रियांची रीत खरी, पण तिचा भरवसा नाही, कारण मन कोठे वळेल ते सांगता येत नाही, त्यापेक्षा हरण कर. सुभद्रेला कोणी विचारल्याचे व्यास सांगत नाहीत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८२ साली 'संगीत सौभद्र' रंगभूमीवर आणले तेव्हा त्यांनी येथेच हात घातला. त्यांची सुभद्रा आधीपासून अर्जुनावर अनुरक्त आहे. बलरामाने दुर्योधन ठरविल्यामुळे ती दुःखी आहे. आणि पुढचे सारे कारस्थान तिच्या मनाला अनुसरून चालते. कारस्थान रचतो श्रीकृष्णच, ही उणीव राहिलीच. पण मूळ कथेत जो प्रश्न विचारलाच गेला नव्हता त्याचे उत्तर नाटकाने पहिल्या अंकापासून प्रेक्षकांच्या हाती दिले. गोव्यातील देवळांच्या उत्सवांत 'सौभद्र' किती वेळा झाले असेल याची गणती नाही. मांडवात बसलेल्या आयाबायांना ती सुभद्रा आपली वाटली ती पदांमुळे खरीच, पण पदांच्या मागे ही दुरुस्ती होती.

येथवर पुराण आणि रंगभूमी झाली. आमचा व्यवसाय आम्हांला रोज या प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला नेतो. पोलिसांच्या फिर्यादीत एक ठराविक वाक्य असते: 'माझ्या मुलीस आरोपीने फूस लावून पळवून नेले.' या वाक्यात कर्ता आरोपी आहे, मालक फिर्यादी आहे, आणि मुलगी द्वितीया विभक्तीत आहे. पुष्कळदा ते वाक्य खरे असते. नोकरीचे, लग्नाचे आमिष दाखवून मुली नेल्या जातात, विकल्या जातात, आणि अशा खटल्यात आरोपीच्या बाजूने हमखास सांगितले जाते, की ती राजीखुशीने आली. पुष्कळदा ते वाक्य खोटेही असते. मुलगी आपल्या पायांनी निघालेली असते आणि घरची अब्रू सांभाळायची म्हणून तिला पळवून नेलेली ठरविणे भाग पडते. दोन्ही बाजूंची वाक्ये तिच्याविषयी असतात आणि दोन्ही दुसऱ्या कोणी लिहिलेली असतात. अशा वेळी रुक्मी आमच्या मनात उभा राहतो. तो दुष्ट नव्हता. तो बहिणीला सोडवायला निघाला होता. तिला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल टाकणार नाही अशी शपथ त्याने घेतली, हरला, आणि शपथेला जागून भोजकट नावाचे नगर वसवून तेथेच राहिला. आजच्या पोलीस ठाण्यात फिर्यादी तो झाला असता. आणि त्या खटल्याचा निकाल एका कागदावर लागला असता: रुक्मिणीचे पत्र, निशाणी पहिली.

१९६४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मद्रासचा एक खटला आला. एस. वरदराजन हा आरोपी. मुलगी महाविद्यालयात शिकत होती आणि अठरा वर्षे पुरी व्हायला थोडेच महिने उरले होते. वडिलांनी तिला त्याच्यापासून दूर म्हणून नातेवाइकांकडे ठेवले; तेथून तिने स्वतः त्याला दूरध्वनी केला, कोठे भेटायचे ते सांगितले, आणि दोघांनी नोंदणी कचेरीत जाऊन विवाहाची नोंद केली. खालच्या न्यायालयांनी त्याला अपहरणाबद्दल दोषी धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले. 'नेणे' आणि 'बरोबर येऊ देणे' यांत फरक आहे. आपण काय करीत आहोत हे समजण्याइतकी जाण असलेली मुलगी आपण होऊन घर सोडून आली आणि त्याने तिला आधी फूस लावलेली नाही, तर त्याने तिला 'नेले' असे म्हणता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. निकाल लिहिला न्यायमूर्ती मुधोळकरांनी. हे मुधोळकर घराणे अमरावतीचे. रुक्मिणीच्या प्रांतातील माणसाने हा निकाल लिहावा हा निव्वळ योगायोग आहे, आणि आम्हांला तो फार आवडतो. १८६० ची दंडसंहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, कलमांचे क्रमांक बदलले. पण प्रौढ स्त्रीच्या बाबतीत बळजबरी किंवा फसवणूक झाली की नाही हाच प्रश्न पूर्वी होता आणि आजही आहे.

वाचकांपैकी कोणी म्हणतील, रुक्मिणीने निवडला तो प्रत्यक्ष परमेश्वर. आमची मुलगी कोणाला निवडील याचा काय नेम? आक्षेप खोटा नाही. मुलगी चुकू शकते, मुलगाही चुकतो, आणि लग्न ठरविणारे वडीलधारेही चुकतात. शिशुपाल काही मुलीने आणला नव्हता. निवड शहाणपणाची आहे की नाही हा एक प्रश्न. ती कोणाची आहे हा दुसरा. पहिल्याच्या काळजीने दुसरा पुसून टाकला की काय होते, याचा एक प्रचंड दाखला आपल्याच देशाच्या इतिहासात आहे.

फाळणीच्या वेळी दोन्ही बाजूंना हजारो स्त्रिया पळविल्या गेल्या. त्यांना शोधून परत पोचविण्याचे काम दोन्ही सरकारांनी अंगावर घेतले, आणि त्यात मृदुला साराभाईंसारख्या कार्यकर्त्यांनी जिवाचे रान केले. पळविलेल्या स्त्रियांना घरच्यांनी सन्मानाने परत घ्यावे म्हणून गांधीजींनी आणि पंडित नेहरूंनी कळकळीने सांगितले. हे सारे पुण्यकर्मच होते. पण त्यासाठी १९४९ साली जो कायदा झाला त्यातील 'अपहृत व्यक्ती'ची व्याख्या पाहावी. सोळा वर्षांखालील मुलगा, किंवा कोणत्याही वयाची स्त्री. मुलगा सोळाचा झाला की आपले मन सांगू शकतो. स्त्री चाळिशीची असली तरी नाही. ती कोठे राहू इच्छिते हा निर्णायक मुद्दा त्या कायद्यात नव्हताच. एव्हाना कित्येकींना मुले झाली होती. कित्येकींना परत जाण्याची भीती होती. अनेकींनी रडून, भांडून नकार दिला, आणि तरीही त्यांना पोचविण्यात आले, हे त्या कार्यातील लोकांनीच पुढे लिहून ठेवले आहे. पंजाब उच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरविला होता. १९५२ साली अजैबसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. ज्या स्त्रीला एकदा तिच्या इच्छेविरुद्ध नेले तिला दुसऱ्यांदा तिच्या इच्छेविरुद्ध आणले, तर तिच्या दृष्टीने या दोन प्रवासांत फरक कोणता? हनुमानाला हा फरक कळला होता. कायद्याला कळला नाही.

मात्र एवढ्यावरून उलट टोकाला जाऊन, कोणाची मदत घेणे हाच कमीपणा, असे म्हणणाऱ्यांशी आमचे जुळत नाही. गोमंतकीय वाचकांना हे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. १५६० च्या सुमारास आणि त्यानंतरच्या काही वर्षांत साष्टीतील देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा भक्तांनी आपली दैवते नदीपलीकडे नेली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. देवीवर संकट आले आणि माणसांनी तिला उचलून नेऊन वाचविले. म्हणून कवळ्याच्या देवळात कोणी तिच्याकडे अबला म्हणून पाहत नाही. तेथे जाऊन लोक मागतात ते तिच्याचकडे. आणि त्या देवीची कथा तरी कोणती? शिव आणि विष्णू यांचे घोर युद्ध जुंपले असता ती दोघांच्या मध्ये उभी राहिली, एकाला एका हाताशी आणि दुसऱ्याला दुसऱ्या हाताशी धरले, आणि भांडण मिटविले. तीच देवी संकटकाळी भक्तांच्या खांद्यावर बसते आणि शांतकाळी देवांची भांडणे सोडविते.

कवळ्याची ही कथा आठवण्याचे कारण असे, की निन्टेंडोच्या त्या राजकन्येचे पुढे काय झाले याचा आम्ही भाचीसाठी शोध घेतला, तेव्हा असेच एक दृश्य समोर आले. राजकन्येचे रूढ नाव पीच. तिला उपेक्षित ठेवल्याची टीका होऊ लागल्यावर कंपनीने २००५ साली 'सुपर प्रिन्सेस पीच' नावाचा खेळ काढला. त्यात ती नायिका आहे आणि मारिओला सोडवायला निघते. शस्त्रे कोणती, तर हातात छत्री आणि मनाचे चार भाव: हर्ष, शोक, राग, शांती. ती रडते आणि अश्रूंनी आग विझते. आम्हांला हे पाहून हसू आले. सीतेला जे सुंदरकांडात करता आले ते येथे रडण्यावर आटोपले होते. नायकाची जागा दिली, पण मन दिले नाही. हातात तलवार किंवा छत्री दिली की स्त्री स्वतंत्र झाली, ही समजूत आपल्याकडच्या चित्रपटांतही भरपूर आहे.

खरा बदल झाला तो २०१७ च्या 'सुपर मारिओ ओडिसी'त, आणि तोही अगदी जुन्याच कथानकात. बाउझर तिला पुन्हा पळवितो. या वेळी लग्नासाठी. शिशुपालासारखी सगळी तयारी आहे: वस्त्रे, अंगठी, मेजवानी. मारिओ तिला सोडवितो. येथवर १९८५ च आहे. मग मारिओ आणि बाउझर दोघेही हातात फुले घेऊन तिच्यापुढे वाकतात, एकमेकांना ढकलतात, तिच्या तोंडासमोर फुले नाचवितात. ती दोघांनाही थांबविते, दोघांनाही नकार देते, आणि जहाजाकडे चालू लागते. सोडविणाऱ्यालाही नकार मिळू शकतो, हे त्या मालिकेला कळायला बत्तीस वर्षे लागली. पुढे खेळणाऱ्याला ती निरनिराळ्या देशांत प्रवास करताना भेटते. आणि १९८१ साली मचाणावर बसविलेली ती बिननावाची स्त्री? तिला पुढे पॉलीन हे नाव मिळाले होते. याच खेळात ती एका मोठ्या नगराची महापौर आहे. याच कंपनीच्या, १९८६ साली सुरू झालेल्या दुसऱ्या मालिकेला झेल्डा या राजकन्येचे नाव होते, पण खेळणारा मात्र लिंक नावाचा तरुण होऊन तिला सोडवीत असे. २०२४ साली या मालिकेतील 'इकोज ऑफ विझडम' या खेळात प्रथमच सूत्रे तिच्या हाती आली. लिंक हरवला आहे आणि शोधणारी ती. तिचे मुख्य साधन तलवार नाही. पाहिलेल्या वस्तूंच्या आणि प्राण्यांच्या प्रतिकृती उभ्या करून, त्या योग्य जागी योग्य वेळी मांडून ती वाट काढते. आम्हांला ती लगेच ओळखीची वाटली. देवीच्या दर्शनाची वेळ हेरून रथ तेथे बोलावणारी मुलगी याच जातीची.

भाचीला आम्ही अशोकवनाची गोष्ट सांगितली. गवताची काडी तिला फार आवडली. पत्राची गोष्ट सांगितल्यावर तिने विचारले, ब्राह्मणाने पत्र शिशुपालाला दिले असते तर? रुक्मिणीने माणूस पारखून निवडला होता, एवढेच आम्ही म्हणालो.

रुक्मिणीची कथा रथात संपत नाही, निदान महाराष्ट्रात तरी नाही. पंढरपूरच्या क्षेत्रकथेप्रमाणे ती द्वारकेत रुसली आणि एकटीच निघून दिंडीरवनात येऊन राहिली. तिला शोधीत देव तेथे आले, आणि पुंडलिकाच्या विटेवर उभे राहिले ते त्यानंतर. त्या वेळी तिला कोणी नेले नव्हते. आजही पंढरीत ती विठोबाच्या शेजारी उभी नाही. तिचे देऊळ स्वतंत्र आहे, मागच्या अंगाला. विठोबाचे दर्शन घेऊन बाहेर पडावे लागते आणि मग तिच्याकडे जावे लागते. आषाढीला कौंडण्यपूरहून तिच्या माहेरची पालखी तेथे येते. पंढरीत पोचल्यावर आधी कोणाकडे जाता, असे आम्ही त्या पालखीबरोबर चालणाऱ्या एका म्हाताऱ्या वारकऱ्याला विचारले होते. "माहेरचं माणूस आधी लेकीला भेटते," तो म्हणाला, आणि गळ्यातील माळ सारखी करून पुढच्या दिंडीत मिसळला.